अजून धान्य आहे

सबनीसकाका मला पहिल्यांदा दिसले ते माझ्या कचऱ्यात हात घालताना. शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये, टाउनहाउसमध्ये राहायला येऊन मला आठवडासुद्धा झाला नव्हता. नव्या टीव्हीचं रिकामं खोकं मी कचऱ्याच्या गाडीसाठी रस्त्याच्या कडेला ठेवलं होतं. सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी आले, तर कानटोपी घातलेला एक उंच, सत्तरी ओलांडलेला गृहस्थ त्या खोक्यातून थर्मोकोलचे तुकडे काढून शांतपणे काखोटीला मारत होता. मी दार उघडून बाहेर गेले आणि “काय बाई एकेक माणसं” असं स्वतःशीच पुटपुटले. ते त्यांना ऐकू गेलं.

“माणूस तसा बरा आहे,” ते मराठीत म्हणाले. “पण हा तुम्ही टाकून देत होतात? हा दगड आहे. तटबंदीचा.”

एवढं बोलून ते दगडासकट पलीकडच्या घरात दिसेनासे झाले. संध्याकाळी त्यांची बायको, नलूकाकू, डब्यात थालीपिठं घेऊन आली. “आमच्या ह्यांनी तुमचा थर्मोकोल नेला, त्याची ही भरपाई,” ती म्हणाली. “घाबरू नकोस, वेडे नाहीत. बेसमेंटमध्ये किल्ला बांधतायत. एकदा येऊन बघून जा, म्हणजे सुटशील.” मी बघायला गेले. सुटले मात्र नाही.

मी मूळची नागपूरची. नवऱ्याशी काडीमोड झाल्यावर, मुलगा कॉलेजला निघून गेल्यावर, नोकरीसाठी या गावात एकटी येऊन पडले होते. लढाया, किल्ले, तलवारी यांचा मला लहानपणापासून कंटाळा. शाळेत इतिहासाच्या तासाला मी मागच्या बाकावर बसून पेरू खायची. त्यामुळे बेसमेंटच्या जिन्यावरून खाली उतरताना, पाच मिनिटं कौतुक करायचं आणि पळायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

खाली टेबल-टेनिसचं अख्खं टेबल व्यापून रणथंभोरचा किल्ला उभा होता. राजस्थानातला, जंगलातल्या उंच कड्यावरचा. तट, बुरुज, तलाव, देवळं, आणि कड्याखालची खोल दरी. काकांनी सगळं थर्मोकोल कोरून, त्यावर कागदाचा लगदा लावून रंगवलं होतं. आयुष्यभर त्यांनी रस्त्यांच्या पुलांची डिझाइनं केली होती, त्यामुळे प्रत्येक पायरी मापात होती. तटावर राजपूत शिपाई आणि दरीपलीकडे सुलतानाची फौज, तंबू, हत्ती. दुकानात मिळणारे शिशाचे शिपाई दुसऱ्याच कुठल्या तरी युरोपातल्या लढाईतले होते. काकांनी त्यांच्या टोप्या कानशीने घासून त्यांना पागोटी बांधली होती. राजपुतांची पागोटी त्यांनी पांढरीच ठेवली होती. “केशरी रंग शेवटी,” ते म्हणाले.

मला वाटलं हे राजपूत प्रकरण कुठून आलं असेल, कारण सबनीस म्हणजे अगदी आपल्यातले. तेव्हा त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील रेल्वेत होते आणि काकांचं सगळं लहानपण सवाई माधोपूरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. किल्ला तिथून जवळच. कॉलनीतली मुलं सुट्टीत वेढा-वेढा खेळायची. मातीच्या ढिगाऱ्याचा किल्ला, आतले राजपूत, बाहेरची फौज. तिकडच्या घरांमध्ये अजून आठवण होती, की मराठ्यांच्या फौजा एकेकाळी येऊन मुलूख लुटून गेल्या होत्या.

“तेव्हा पोरं म्हणायची, तू मराठा ना? मग तू बाहेरून ये,” काका म्हणाले. “सगळं बालपण मी त्या ढिगाऱ्यावर हल्ला करत होतो, वैशाली. आत कधी घेतलंच नाही कुणी. सुट्टीत साताऱ्याला आजोळी गेलो की तिथली पोरं म्हणायची, हा राजस्थानवाला आला. आणि इथे आलो तर काय, इथे तर आपण सगळेच बाहेरून आलेले.”

हे सांगताना ते हसत होते. पण बुरुजावरचा एक शिपाई उगाच उचलून परत तिथेच ठेवत होते. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार माया वाटली, आणि माझी पाच मिनिटं तिथेच संपली.

त्यांचा खेळ असा होता. खेळायला दोघं लागत. आतला राजा नेहमी काका. बाहेरचा सुलतान जो कोणी पाहुणा सापडेल तो. सुलतानाने फासा टाकायचा आणि जितके ठिपके पडतील तितक्या वाळूच्या पिशव्या दरीत टाकायच्या. खऱ्या लढाईतही सुलतानाच्या शिपायांनी दरी अशीच वाळूच्या पोत्यांनी भरून तटापर्यंत चढाव केला होता. त्या चिमुकल्या पिशव्या काकूने जुन्या परकराच्या कापडाच्या शिवल्या होत्या आणि त्यांत रवा भरला होता. उन्हाळ्यात रव्यात किडे व्हायचे, तेव्हा “सुलतानाच्या छावणीत साथ आली आहे” असं काका गंभीरपणे जाहीर करायचे.

राजाच्या बाजूला स्टीलची एक वाटी असे. तिच्यात तांदूळ. दर डावाला राजाने चिमूटभर तांदूळ काढून टाकायचा. वाटी रिकामी झाली की किल्ल्यातलं धान्य संपलं, मग राजाने दरवाजा उघडायचा आणि केशरी पागोटी घालून सगळ्यांनी बाहेर पडायचं, परत न येण्यासाठी. राजपूत त्याला साका म्हणतात. असा नियम काकांनीच केला होता आणि तो तेच पाळत नसत. वाटी तळाला आली की ते टेबलाखाली वाकायचे, तिथे बासमतीच्या पिशव्या रचून ठेवलेल्या असत, त्यातून मूठभर तांदूळ काढून वाटीत टाकायचे आणि म्हणायचे, “अजून धान्य आहे.”

“हा रडीचा डाव आहे,” जिन्यावरून काकू म्हणायची. खेळ चालू असताना ती जिन्याच्या मधल्या पायरीवर मेथी निवडत बसलेली असे. “इतिहासात गेला ना तो किल्ला? मग जाऊ द्या की.”

“जाईल. आज नाही.”

इथल्या मराठी मंडळातले पुरुष हौसेने एकदा येऊन जात. दुसऱ्यांदा फारसं कोणी येत नसे. खेळ कधी संपतच नाही म्हटल्यावर किती जण येणार? एकदा एक पाहुणे आले, ते शिपाई हातात घेऊन मोठ्या आवाजात आपण आणि ते, आपण आणि ते, असं सुरू झाले. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, “हा राजा कुणासाठी लढला, माहीत आहे का तुम्हाला? सुलतानाच्याच फौजेतले परके शिपाई पळून येऊन याच्या दारात उभे राहिले. याने त्यांना आत घेतलं. सुलतान म्हणाला परत दे, हा म्हणाला आलेल्याला बाहेर काढत नसतात. बस, एवढ्यावर लढाई झाली. शेवटी फितूर झाले ते घरचेच. जे बाहेरून आलेले होते, ते याच्याबरोबर कामी आले.”

पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला. त्यानंतर काकांना सुलतान मिळेना, आणि दर रविवारी दुपारी ते काम माझ्याकडे आलं.

‘कामी आले’ हा काकांचा शब्द. ते कधी कुणाला मेला म्हणत नसत. दोन्ही बाजूंचा कुठलाही शिपाई पडला की त्याला हळूच आडवा करून म्हणायचे, “कामी आला.” सवाई माधोपूरला किल्ला दाखवणारा म्हातारा वाटाड्या असंच म्हणायचा, आणि पुढे त्यांना आपल्या बखरींमध्येही तो शब्द सापडला, तेव्हा त्यांना घरचं कुणी भेटल्यासारखा आनंद झाला होता. “बघ ना, मरायला काय शब्द काढलाय. कामी येणं. म्हणजे उपयोगी पडणं,” ते म्हणायचे. “आणि मी? मी रिटायर झालो, त्या दिवसापासून कुणाच्या कामी येत नाही. मीनल तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला. तिला काही लागलं तर ती यूट्यूबला विचारते.”

मीनल त्यांची एकुलती एक मुलगी, इथेच जन्मलेली. जनावरांची डॉक्टर. माझ्याहून फार लहान नसूनही मला मावशी म्हणते. तिचं मराठी स्वयंपाकघरापुरतं. दर रविवारी तिचा फोन यायचा तो बहुतेक खेळाच्या मध्येच. काका स्पीकरवर टाकायचे आणि ती विचारायची, “बाबा, इज द फोर्ट स्टिल स्टँडिंग?” काका म्हणायचे, “अजून धान्य आहे.” त्यापुढे दोघांना बोलायला काही सुचायचं नाही. मग मीनल म्हणायची, “ओके. आईला दे.”

किल्ल्यात बाई एकही नव्हती. हे पहिल्यांदा काकूच्याच लक्षात आलं.

“बायका कुठे आहेत हो यात?”

“आत आहेत.”

“आत म्हणजे कुठे? थर्मोकोलमध्ये?”

काका बुरुजावरचे शिपाई सरळ करू लागले. आतल्या बायकांचं काय झालं ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. पुरुष बाहेर पडण्याआधी त्यांनी आगीत उड्या घेतल्या, जौहर म्हणून त्याची गाणी झाली. काकूला त्या गाण्यांचा राग होता. “विचारलं होतं का कुणी त्यांना?” ती म्हणाली. मग मेथी बाजूला ठेवून वर गेली आणि येताना पोळ्यांच्या कणकेचा गोळा घेऊन आली. बसल्या बसल्या तिने त्याची एक बाई केली, बोटभर उंचीची, पदर घेतलेली. ती तिने मुख्य दरवाजाच्या आतल्या बाजूला नेऊन ठेवली.

“ही मी,” ती म्हणाली. “ही आगीत-बिगीत जाणार नाही. तुमचा निर्णय होईस्तोवर ही दाराशी थांबली आहे.”

कणीक वाळली, तिला भेगा पडल्या. काकांनी तिच्यावर वॉर्निशचा हात दिला आणि तिला तिथून कधी हलवलं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात काकूला कॅन्सर निघाला. ओव्हरीचा, आणि निघाला तेव्हाच पसरलेला. काकांनी तो वेढा म्हणूनच घेतला. एक औषध चालेनासं झालं की ते दुसरं शोधायचे, दुसरं संपलं की शिकागोच्या कुठल्या हॉस्पिटलमध्ये नव्या औषधाची ट्रायल चालू आहे का ते बघायचे. डॉक्टरांशी फोनवर बोलताना त्यांचा आवाज चढायचा. गाडीतून बर्फातून तिला न्यायचे, आणायचे, ती ओकायची, हे भांडं धरायचे. मी भाताची पेज घेऊन जायची. “काय म्हणाले डॉक्टर?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं. “अजून धान्य आहे.”

मीनल रजा काढून आली. तिने आईचे हात पाहिले, डोळे पाहिले, आणि किचनमध्ये येऊन काकांना म्हणाली, “बाबा, शी इज टायर्ड. आता स्टॉप करू या. मी हे रोज सांगते लोकांना. आय नो व्हॉट इट लुक्स लाइक.”

“तुझ्याकडे कुत्री-मांजरं येतात,” काका म्हणाले. “ही तुझी आई आहे.”

मीनल किचनमधून बाहेर गेली. ती परत जाईपर्यंत दोघं एकमेकांशी औषधांच्या वेळांपलीकडे बोलले नाहीत.

एका दुपारी मी काकूच्या उशाशी बसले होते. काका पायाशी, तिच्या तळव्यांना तेल चोळत होते. काकू बराच वेळ छताकडे बघत होती. मग म्हणाली, “अहो, दार उघडा आता.”

काका उठले आणि त्यांनी बेडरूमचं दार उघडलं. “गुदमरतंय का?” त्यांनी विचारलं. “खिडकीपण उघडू थोडी?”

काकू माझ्याकडे बघून हसली. दमलेलं, पण हसूच. “उघडा खिडकी,” ती म्हणाली.

त्यांना कळलं नव्हतं की त्यांनी कळू दिलं नव्हतं, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी तिला पुन्हा ॲडमिट केलं. तिला घरी, आपल्या पलंगावर जायचं होतं. ती गेली आयसीयूत, नळ्यांच्या जंजाळात, आणि शेवटी तिचा हात धरायलासुद्धा धड मोकळी जागा सापडत नव्हती. मला फोन आला तेव्हा काका फक्त म्हणाले, “नलू गेली.” त्यांचा शब्द त्यांनी वापरला नाही.

दिवसकार्य झाल्यानंतर मीनलने त्यांना फ्रीमाँटला चल म्हणून खूप आग्रह केला. ते गेले नाहीत. “वेढ्यात किल्ला सोडून जायचं नसतं,” म्हणाले. मी म्हटलं, आता कसला वेढा, काका? ते उत्तर न देता टेबलाखालच्या पिशव्या नीट रचत राहिले. इंडियन स्टोअरमध्ये तांदूळ सेलवर आला की एकटा माणूस पिशवी खांद्यावर टाकून आणायचा. ते दिवसाकाठी वाटीभर भात खात असतील नसतील. भिंतीशी पिशव्यांची थप्पी लागली होती. तो तांदूळ बघून मला रडू यायचं. असं रडू मला माझ्या काडीमोडाच्या वेळीही आलं नव्हतं.

रविवारचा खेळ पुन्हा सुरू झाला. जिन्याची मधली पायरी रिकामी असायची आणि आम्ही दोघंही तिकडे न बघता खेळायचो. माझ्या पिशव्या तटाच्या काठाशी पोचायच्या, काका म्हणायचे, “आज इथेच थांबू.” पुढच्या रविवारी येऊन बघते तर निम्म्या पिशव्या खाली उतरलेल्या. “पाऊस झाला. चढाव वाहून गेला,” काका म्हणायचे. मी म्हणायची, “काका, बेसमेंटमध्ये?” ते म्हणायचे, “रणथंभोरला.” मग आम्ही चहा प्यायचो.

एकदा चहा पिताना ते आपणहून म्हणाले, “वेढा म्हणजे लढाई नव्हे गं. वेढा म्हणजे वाट बघणं. आतलेही बघतात, बाहेरचेही. मी तुला सांगतो, वाट बघायची एकदा सवय झाली ना, की माणूस दार उघडायचं विसरतो.” थोड्या वेळाने म्हणाले, “तिने मला स्पष्ट सांगितलं होतं. मला ऐकू आलं होतं, वैशाली.”

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

अशीच काही वर्षं गेली. मग काकांच्या किडन्या थकल्या. पायांवर सूज आली, जेवण सुटलं, आणि डॉक्टरांनी डायलिसिस सुरू करायला सांगितलं. हृदय आधीच कमजोर होतं, त्यामुळे ते किती झेपेल याची खात्री कोणीच देईना. मीनल पहिल्या विमानाने आली. गंमत अशी, की आईच्या वेळी थांबू या म्हणणारी मीनल आता ऐकायला तयार नव्हती. तिने सेंटर शोधलं, जायच्या-यायच्या गाडीची सोय केली. “बाबा, जस्ट ट्राय कर,” ती म्हणत होती. “तू आईला ट्राय करायला लावलंस ना? मग तूपण कर.”

काकांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. ते म्हणाले, “वैशालीला बोलव. खेळ अर्धा राहिलाय.”

दुपारची वेळ होती. आम्ही दोघींनी धरून त्यांना जिना उतरवला, पण ते मधल्या पायरीपर्यंतच येऊ शकले. तिथेच बसले, काकूच्या जागेवर, भिंतीला टेकून. मीनलला म्हणाले, “तू माझ्या बाजूने खेळ. मी सांगतो तसं.” ती टेबलापाशी गेली. इतकी वर्षं फोनवरून चौकशी केलेला किल्ला ती बहुधा पहिल्यांदाच नीट बघत होती. मी फासा टाकला. माझ्या पिशव्या तटाला लागल्या. मीनलने वाटीतला तांदूळ चिमटीने काढला आणि वाटीत तळ दिसला. मी सवयीने वाट पाहत राहिले.

मीनल वाकली आणि टेबलाखालून पिशवी ओढू लागली. “बाबा, इथे किती राइस आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान मुलीचा झाला होता. “अजून धान्य आहे ना, बाबा? यू ऑल्वेज से दॅट. अजून धान्य आहे.”

“नाही गं,” काका म्हणाले. “संपलं.”

ती तशीच पिशवीला धरून खाली बसली आणि रडायला लागली. काकांनी तिला रडू दिलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, “मीनू, दार उघड.”

तिने मान वर करून बेसमेंटच्या दाराकडे पाहिलं. “कुठलं?”

“किल्ल्याचं गं. दुसरं कुठलं असणार?”

तिने उठून बोटाने दरवाजा ढकलला. तो हलेना. मी प्रयत्न केला, मलाही जमेना. मग आमच्या लक्षात आलं की तो डिंकाने पक्का चिकटवलेला होता, आतून, सगळ्या कडांनी. पुलांची डिझाइनं करणाऱ्या माणसाने बिजागऱ्या लावून केलेला, उघडता येणारा दरवाजा, आणि त्याने तो स्वतःच बंद करून टाकला होता.

“तिच्या आजारपणात लावला होता,” काका जिन्यावरून म्हणाले.

मीनल वर जाऊन तिची डॉक्टरची बॅग घेऊन आली. मांजरीचे टाके काढावेत तितक्या हळू हाताने तिने पात्याने त्या फटीतला डिंक कापत आणला. मी तोवर किचनमधून हळद आणली आणि वाटीत कालवून एकेका शिपायाचं पागोटं त्यात बुडवलं. केशरी नाही झाली, पिवळीच झाली. काका म्हणाले, चालेल. दरवाजा उघडला तेव्हा आतून थर्मोकोलचा भुगा बाहेर सांडला.

“आधी ती,” काका म्हणाले.

मीनलने आईची कणकेची बाई दोन बोटांत धरून दरवाजातून बाहेर आणली आणि आपल्या तळहातावर ठेवली. मग पिवळ्या पागोट्यांचे शिपाई एकामागून एक निघाले. मी माझे पुढे सरकवले. काकांनी फासा टाकायलाही सांगितलं नाही. एकेक शिपाई आडवा होत होता, त्यांचे आणि माझेही, आणि जिन्यावरून दर वेळी आवाज येत होता, “कामी आला. कामी आला.” मीनलने विचारलं, “कामी आला मीन्स ही डाइड?”

“मीन्स ही वॉज ऑफ यूज,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मीनलने डायलिसिस सेंटरला फोन करून अपॉइंटमेंट कॅन्सल केली आणि शेवटच्या दिवसांत शुश्रूषा करणाऱ्या हॉस्पिसच्या नर्सला घरी बोलावलं. काकांचा पलंग त्या दोघींनी खिडकीशी लावला. मी ऑफिस सुटल्यावर जायची. ते बहुतेक झोपलेले असत. मीनल त्यांच्या तळव्यांना तेल चोळत असे, जवळच्या टेबलावर ती कणकेची बाई उभी असे. बाप-लेक आता पुष्कळ बोलत असत म्हणे, सवाई माधोपूरबद्दल, आईबद्दल. एकदा जागे असताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “सुलतान, चांगला लढलास.” ते माझ्याशी शेवटचं बोलले ते हेच.

फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. मीनलने ते इंग्रजीत सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण तिला ते बापाच्या शब्दात सांगायचं होतं. तिचा श्वास मला ऐकू येत होता, ती शब्द जुळवत होती.

“मावशी,” ती म्हणाली, “बाबा कामाला आले.”

माझ्या शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसत होतं, कुणाचा तरी प्रिंटर चालू होता. मी तिचा शब्द दुरुस्त केला नाही.

“हो गं,” मी म्हटलं. “आले. आपल्या दोघींच्या.”